चार टायर की आठ?

कॅल्गरीत ऑक्टोबर उजाडला की मराठी घरांत दिवाळीच्या फराळाबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो : विंटर टायर कधी चढवायचे? छोट्या गाडीवाल्यांचा प्रश्न लवकर सुटतो. पिकअपवाल्यांचा सुटत नाही. त्यांच्याकडे फोर बाय फोर असतं, जाड नक्षीचे दणकट टायर असतात, आणि एवढी मोठी गाडी असताना आणखी चार टायर कशाला, हा प्रश्न त्यांना मनापासून पडलेला असतो. अल्बर्टात विंटर टायरची कायद्याने सक्ती नाही. ज्याचं त्यानेच ठरवायचं.

या वादात मी तटस्थ नाही. पिकअपला हिवाळ्याचे वेगळे टायर हवेत असं माझं मत आहे. पण समोरच्यांचे काही मुद्दे भक्कम आहेत आणि ते पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय या मताला अर्थ नाही. म्हणून हा संवाद. यातले मामा आणि भाची माझ्या कल्पनेतले आहेत. मामा अल्बर्टात मुरलेले, तेलकंपनीतून निवृत्त, शेवरले सिल्वराडो चालवणारे. भाची इलेक्ट्रिशियन आहे, छोटी कंत्राटं घेते. तिची फोर्ड एफ-१५० आहे आणि कामासाठी ती कॅनमोर, लेक लुईस, कधी डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डनपर्यंत जाते.

मामा : अगं, तुझ्या गाडीवर ऑल-टेरेन टायर आहेत ना? त्यांच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह आहे ना? मग झालं की! त्या चिन्हावर ब्रिटिश कोलंबियाचा पोलीस तुला सोडतो, क्युबेकचाही सोडतो. आणखी चार टायर आणि वर चार रिम्स कशासाठी?

भाची : पोलीस सोडतो हे खरं. पण मामा, कायद्याचं माप किती खाली आहे ते बघा. ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल विंटर टायर लागतात, पण तिथे बाजूवर नुसतं ‘एम प्लस एस’, म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेला टायरही चालतो. नक्षी साडेतीन मिलिमीटर असली की पुरे. क्युबेकने २००८ मध्ये सक्ती आणली आणि डिसेंबर २०१४ पासून ‘एम प्लस एस’ बंद केलं, चिन्हच लागतं. २०१९ मध्ये तर सक्तीची सुरुवात १५ डिसेंबरवरून १ डिसेंबरवर आणली. दोन प्रांतांचं एकमत नाही, मग मी कोणाचं माप धरू? कायदा मला दंडापासून वाचवेल. मला गोल्डनच्या वाटेवर किकिंग हॉर्स खिंडीच्या उतारावर थांबायचंय.

मामा : ‘एम प्लस एस’चं मीही कौतुक करत नाही. खाचा कशा आणि किती, एवढंच बघून ती अक्षरं मिळतात. पण हिमकणाचं चिन्ह परीक्षा देऊन मिळतं. इथल्या टायर उद्योगाने १९९९ मध्ये ते आणलं तेच त्यासाठी.

भाची : परीक्षा कसली, ते विचारा ना. उत्तर अमेरिकेतल्या परीक्षेत चाकांखाली दाबल्या गेलेल्या स्नोवर टायर किती ओढ देतो ते मोजतात. ठरवून दिलेल्या संदर्भ-टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त ओढ मिळाली की चिन्ह मिळतं. ओढ म्हणजे गाडी पुढे काढण्याची ताकद. ब्रेक लावल्यावर काय होतं हे त्यात मोजलेलं नाही. वळणावर काय होतं तेही नाही. आणि गोठलेल्या बर्फाचा तर तिथे संबंधच नाही. युरोपने मे २०२१ पासून कारच्या टायरच्या लेबलवर बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आणलं. स्नोवर चांगला म्हणजे बर्फावरही चांगला, असं धरून चालता येत नाही म्हणूनच ना?

मामा : पोरी, मी कसारा घाटात मुसळधार पावसात गाडी चालवलेली आहे. त्यानंतर इथे इतके हिवाळे काढले. घसरणारी गाडी मला ओळखता येते. फोर बाय फोर लावलं, पायाखालचा जोर आवरला, की सिल्वराडो कुठूनही बाहेर येते.

भाची : बाहेर येते, हे मान्य. फोर बाय फोर चारही चाकांना इंजिनाची ताकद देतं, पण ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतोच. तुमची फोर बाय फोर आणि शेजाऱ्याची छोटी गाडी, दोघांनी ब्रेक दाबला की त्या क्षणी दोघंही सारखेच. पुढचं सगळं रबर आणि रस्ता ठरवतात. कसारा घाटातल्या ओल्या डांबराचा घर्षणांक ०.४-०.५ तरी असतो. गोठलेल्या बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. हिशोब करून बघू. ताशी ५० किलोमीटर वेग आणि घर्षणांक ०.१ असेल, तर गाडी थांबायला ९८ मीटर लागतात. टायर बदलून तोच आकडा ०.१५ झाला तर ६६ मीटर.

मामा : बत्तीस मीटरचा फरक. अंतर ठेवून चालवलं तर तेवढं सांभाळता येतं.

भाची : तुम्ही अंतर ठेवाल हो, पण हरीण कुठे ठेवतं? शिवाय दुसऱ्या बाजूने बघा. चांगला टायर ज्या ठिकाणी पूर्ण थांबला, त्या ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी २९ किलोमीटरने पुढे चाललेली असते. मागे अडीच टनांचा पिकअप आहे आणि समोर झेब्रा पट्ट्यांवर माणूस आहे, असं धरून तो २९ चा आकडा वाचा.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या वादाचं मूळ याच जागी आहे. गाडी निघते की नाही हे चालकाला रोज सकाळी दिसतं. घरासमोरच्या स्नोमधून पिकअप सहज बाहेर पडला की टायरवर विश्वास बसतो. थांबण्याची खरी परीक्षा मात्र क्वचित येते आणि ती आधी कळवून येत नाही. म्हणून इतके हिवाळे निर्धोक गेले हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. त्या हिवाळ्यांत टायरला जेमतेम दोन-चारदाच पूर्ण ताकदीने थांबावं लागलं असेल. २०११ च्या सप्टेंबरपासून कॅनडातल्या नव्या गाड्यांना घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली. ती उत्तम आहे, पण तीदेखील टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच चार चाकांत वाटते. नसलेली पकड ती निर्माण करत नाही.

भाची : आणि पिकअपचं वेगळं दुखणं आहेच. हौदा रिकामा असला की वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या चाकांवर असतो. मागचा एक्सल हलका, आणि साध्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये ताकद जाते नेमकी त्याच चाकांना. संध्याकाळी माल उतरवून मी कॅनमोरहून परत निघते तेव्हा गाडी अशीच रिकामी असते.

मामा : तेव्हाच तर फोर बाय फोर लावायचं, फोर-हाय!

भाची : सलग स्नो असेल तर लावीनच. पण ट्रान्स-कॅनडा महामार्गावर नांगर फिरून गेलेला असतो. दोन किलोमीटर कोरडं डांबर, मग पुलावर बर्फाचा पट्टा, मग पुन्हा कोरडं. माझ्या गाडीची फोर-हाय कोरड्या डांबरावर चालवायची नसते, वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरवर ताण येतो. म्हणून मी टू-व्हीलमध्येच असते, आणि बर्फाचा पट्टा नेमका तेव्हाच येतो.

मामा : वाळूच्या गोण्या टाक मागे. आम्ही सगळे टाकायचो.

भाची : टाकतेच. मागच्या एक्सलच्या वर, पट्ट्याने बांधून, नाहीतर धडकेत त्याच गोण्या केबिनवर येतील. त्याने मागची चाकं रस्त्याला धरतात. पण वजन वाढलं की थांबवायचं ओझंही वाढतं. गोणी टायरला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

मामा : बरं, आता माझं ऐक. तू म्हणतेस हिवाळ्याचे वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे. कॅल्गरीचा हिवाळा तारखेने येतो का? २०१४ चा सप्टेंबर आठव. म्हणजे तू तेव्हा इथे नव्हतीस. ८ ते १० सप्टेंबर, झाडांना हिरवी पानं, आणि वर ओला जड स्नो. शहरभर फांद्या मोडून पडल्या. त्या दिवशी तुझे विंटर टायर तळघरात असते आणि तू उन्हाळ्याच्या टायरवर रस्त्यात. माझे ऑल-टेरेन तेव्हाही गाडीवर होते. मे महिन्यातही इथे स्नो पडतो. दोन सेट ठेवणारा माणूस वर्षातून दोनदा हवामानाशी पैज लावतो.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. दोन सेट घेतले म्हणजे आपोआप सुरक्षित झालो, असं कोणी समजू नये.

भाची : त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या स्थितीत असता, यात वाद नाही. अशा दिवशी मी गाडी काढू नये. सप्टेंबरातला स्नो दोन दिवसांत वितळतो, मी कामं पुढे ढकलू शकते. डिसेंबर ते मार्च चार महिने मी कामं ढकलू शकत नाही.

मामा : त्या चार महिन्यांतही निम्मे दिवस रस्ता कोरडा. शिनूक वारा सुटला की जानेवारीत अंगातला कोट काढावा लागतो. पिंचर क्रीकला १० जानेवारी १९६२ ला तासाभरात उणे १९ वरून २२ अंशांवर पारा गेला होता. तुझा मऊ विंटर टायर अशा दिवशी गरम डांबरावर झिजत बसतो.

भाची : झिजतो. पण शिनूक थांबल्यावर रात्री काय होतं? दिवसभर वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं आणि पहाटे गोठतं. कॅल्गरीच्या डिअरफूट ट्रेल महामार्गावर सकाळी सहाला जो दिसत नाही तो बर्फ हाच. आणि बर्फ शून्याच्या जवळ असतो तेव्हाच सर्वांत निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २५ ला त्याच बर्फावर पकड जास्त मिळते. मला कडाक्याच्या थंडीपेक्षा शिनूकनंतरच्या सकाळची भीती वाटते.

मामा : मग त्या सकाळी तुझं रबर असं काय वेगळं करतं?

भाची : दोन गोष्टी. उन्हाळ्याच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसेनासं होतं. विंटर टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण आणि बाकीचं मिश्रण असं असतं की ते उणे तापमानातही लवचीक राहतं. दुसरं म्हणजे प्रत्येक ठोकळ्यावर पातळ नागमोडी चिरा असतात. गाडीच्या भाराने त्या उघडतात, पाण्याचा थर बाजूला घेतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. तुमच्या ऑल-टेरेनचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधली जागा रुंद. खोल स्नोत, चिखलात ते राजासारखे चालतात. पण गुळगुळीत बर्फावर खोल खाचेचा उपयोग नाही, तिथे कडा मोजायच्या. त्या तुमच्याकडे कमी आहेत.

मामा : मग सरळ खिळ्यांचे टायर घे. अल्बर्टात चालतात.

भाची : सलग बर्फ असलेल्या गावात राहिले असते तर घेतले असते. कोरड्या डांबरावर खिळे रस्ताच खरवडतात. जपानमध्ये त्या धुळीने शहरांची हवा इतकी बिघडली की १९९० मध्ये त्यांनी खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला. बिनखिळ्यांचे, बर्फाला धरणारे टायर तिथे पुढे आले ते याच काळात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक १९८८ चा.

मामांच्या पिढीत एक समज पक्का आहे, की विंटर टायर ही छोट्या, हलक्या गाड्यांची गरज आहे आणि ट्रकला त्याची गरज नसते. इतिहास उलट सांगतो. फिनलंडच्या ज्या रबर कारखान्यातून आजची नोकियन कंपनी आली, त्याने १९३४ मध्ये पहिला हिवाळी टायर बाजारात आणला तो ट्रकसाठी. कारसाठीचा हाक्कापेलिट्टा त्यानंतर दोन वर्षांनी, १९३६ मध्ये आला. माल पोचवणाऱ्याला वाट बघणं परवडत नव्हतं, हे त्यामागचं साधं कारण. भाचीची गरज तीच आहे.

मामा : समजा तुझं सगळं खरं. मग तो विंटर टायर वर्षभर का नाही ठेवत? चार टायरमध्ये काम भागेल.

भाची : कारण उन्हाळ्यात मी ट्रेलर ओढते. ट्रान्सफॉर्मर, केबलचे रोल, जनरेटर. जुलैत डांबर तापलेलं असतं. मऊ रबराचे, चिरा पाडलेले ठोकळे भाराखाली डुलतात. गाडी रस्त्यावर हलकेच भटकते आणि मागचा ट्रेलर ते भटकणं वाढवतो. ब्रेकचं अंतर वाढतं आणि टायर एका उन्हाळ्यात झिजून जातो. ट्रेलर ओढताना मला कडक बाजूंचा, भार झेलणारा एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा, टायर हवा. हिवाळ्यात मऊ आणि चिरांचा हवा. पिकअपकडून आपण दोन टोकांची कामं करून घेतो. साध्या कारला एकच टायर वर्षभर चालवणं मला समजू शकतं, माझ्या गाडीला नाही. विंटर टायर घेतानाही भाराचा निर्देशांक दारावरच्या पट्टीपेक्षा कमी चालणार नाही, हे मी दुकानदाराला आधीच सांगितलंय.

मामा : पैशाचं बोल आता.

भाची : बोलते. पहिल्या वर्षी खिसा मोकळा होतो, हे कबूल. पण एक सेट रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा झिजत नाही, म्हणून दोन्ही जवळपास दुप्पट वर्षं टिकतात. जास्तीचा खर्च उरतो तो रिम्सचा, हवेच्या दाबाच्या सेन्सरचा आणि वर्षातून दोनदा बदलण्याच्या मजुरीचा. स्वतंत्र रिम्स घेतल्या तर टायर दरवेळी रिमवरून उतरवायला नको, मी घरीच पान्याने बदलू शकते.

मामा : इथे चुकतेस. दुप्पट वर्षं टिकतात ते तुझ्यासारख्या भरपूर चालवणाऱ्याचे. मी निवृत्त माणूस. किराणा, डॉक्टर, शनिवारी कोणाकडे जेवण. माझे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर वापरलं नाही तरी कडक होतंच. आठ टायर ठेवले तर मी आठही टायर नक्षी शिल्लक असताना फेकून देईन. शिवाय ठेवू कुठे? आता आम्ही कॉन्डोत राहतो, पार्किंगमध्ये टायर ठेवू देत नाहीत. दुकानात ठेवायचे तर त्याचं भाडं. ऑन्टारिओत विमा कंपन्यांना १ जानेवारी २०१६ पासून विंटर टायरवर सवलत द्यावी लागते. आपण राहतो अल्बर्टात.

भाची : या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. तुम्ही शहरात आहात, पहाटे निघायची सक्ती नाही, रस्ता वाईट असेल त्या दिवशी घरी बसू शकता. तुम्हाला एकच सेट पुरेल. फक्त तो आत्ताचा नको. तुमच्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे मी मघाशी वाचले, ३८१६. २०१६ सालचा अडतिसावा आठवडा. आणि नक्षी मोजली, जेमतेम चार मिलिमीटर उरलीय. उन्हाळ्याला चालेल. कायद्यालाही चालेल, साडेतीनच्या वर आहे ना. पण चिरा बहुतेक वरच्या भागातच असतात, त्या कधीच घासून गेल्यात. आता हिमकणाचं चिन्ह बाजूवर आहे, पण ज्याच्यासाठी ते मिळालं होतं तो टायर राहिलेला नाही.

मामा : चार मिलिमीटर? मला दिसायला भरपूर वाटत होती.

भाची : नवा असताना बारा-तेरा मिलिमीटर असेल. आणि हवा कधी तपासली? थंडीत पारा साधारण साडेपाच अंशांनी उतरला की एक पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरात बरोबर भरलेला टायर जानेवारीत सहा-सात पीएसआय कमी असतो.

भाचीने दिलेली ही मुभा मला मान्य आहे, मात्र ती कोणाला लागू पडते हे स्पष्ट असावं. ज्याला शहराबाहेर जायचं नाही, जो दिवस निवडू शकतो, आणि जो चिन्हाचा नवा, चांगल्या नक्षीचा टायर वेळेवर घेतो, त्याच्यासाठी एक सेट हा योग्य निर्णय आहे. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या, कामासाठी सेकंड-हॅंड पिकअप घेतलेल्या तरुणांना ही मुभा लागू होत नाही. त्यांना दिवस निवडता येत नाही आणि गाडीबरोबर आलेल्या टायरचं वय त्यांनी बहुधा पाहिलेलं नसतं. त्यांना माझा आग्रह आहे की, गाडीचे मोठे स्पीकर आणि पायऱ्या पुढच्या वर्षी घ्या, टायर या वर्षी घ्या. नवे परवडत नसतील तर जुने विंटर टायर घ्या, पण वय आणि नक्षी दोन्ही बघून, आणि घ्यायचे तर चारही. नुसते मागे दोन लावले तर मागची चाकं धरतात आणि पुढची सरळ जातात, गाडी वळतच नाही. नुसते पुढे लावले तर त्याहून वाईट, मागचा हलका हौदा फिरून पुढे येतो.

मामा : आणि पुढच्या महिन्यात मला तुझ्या मामीला घेऊन रॅडियमच्या गरम झऱ्यांवर जायचंय, त्याचं काय? ते शहराबाहेर झालं.

भाची : रॅडियम ब्रिटिश कोलंबियात. नोव्हेंबरात कूटनीच्या डोंगरातून जायचं. या टायरवर नाही जायचं, मामा.

मामा : तू चार नवे घेतेच आहेस. दुकानात जुन्या रिम्स निघाल्या तर माझ्यासाठीही बघ. टायर तुझ्या तळघरात ठेवीन. तुझ्या एफ-१५० च्या रिम्स माझ्या सिल्वराडोला बसतील ना? दोन्हींना सहाच नट आहेत.

भाची : नट सहाच, पण एफ-१५० चं वर्तुळ १३५ मिलिमीटरचं आणि सिल्वराडोचं १३९.७ चं. बसणार नाहीत. तुमच्यासाठी वेगळ्या शोधाव्या लागतील. आणि चढवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे, ते मी येऊन करीन.